सुटलेल्या बाणाला हात असते तर

प्रारब्ध समजावून सांगताना आपल्याकडे बाणाचा दृष्टान्त देतात. भात्यातले बाण म्हणजे संचित, हातात घेतलेला बाण म्हणजे क्रियमाण आणि धनुष्यातून सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध. पहिले दोन अजून आपल्या ताब्यात आहेत, तिसरा नाही. तो जिथे जायचा तिथेच जाईल, मग सोडणाऱ्याला कितीही पश्चात्ताप होवो. कीर्तना-प्रवचनांतून हे इतके अंगवळणी पडले आहे की हा केवळ दृष्टान्त आहे, सिद्धान्त नव्हे, याचाच विसर पडतो. शंकराचार्यांच्या भाष्यांत सुटलेला बाण आणि कुंभाराचे फिरते चाक येतात ते एका नेमक्या अडचणीचे उत्तर म्हणून. आत्मज्ञानाने सारी कर्मे जळून जातात म्हणता, तर मग ज्ञानी माणसाचा देह त्याच क्षणी का पडत नाही? उत्तर असे की ज्या कर्माने हा देह सुरू झाला त्याचा वेग सरेपर्यंत तो चालत राहतो. हे उत्तर मर्यादित आहे आणि त्या मर्यादेत चोख आहे. पुढे लोकव्यवहारात मात्र तो बाण ज्ञान्याच्या देहापुरता उरला नाही. नापास झालेला मुलगा, मोडलेले लग्न, बुडालेले पीक, अकाली मृत्यू, सगळे त्या एकाच बाणाच्या माथी मारले गेले. माझे म्हणणे असे की माणसाच्या आयुष्याला लावताना हा दृष्टान्त नेमक्या मोक्याच्या जागी चुकतो. तो कुठे चुकतो हे पाहायला बर्फावरच्या एका खेळाइतका स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही.

त्या खेळाचे नाव एरियल्स. फ्रीस्टाइल स्कीइंगचा तो एक प्रकार. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये तो नुसता प्रदर्शनापुरता होता. नॉर्वेतल्या लिलेहॅमरला १९९४ साली त्याला पहिल्यांदा पदके ठेवली गेली. खेळाडू पायांना स्की बांधून उतारावरून घसरत येतो, ताशी साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत वेग घेतो आणि बर्फाचाच बांधलेला, वर जाता जाता जवळजवळ उभा होणारा रॅम्प त्याला आकाशात भिरकावून देतो. हवेत तो सुमारे तीन सेकंद असतो. तेवढ्यात दोन किंवा तीन कोलांट्या आणि त्यांच्या पोटातच तीन, चार, क्वचित पाच गिरक्या घालायच्या आणि पुन्हा एका तीव्र उतारावर दोन्ही पायांवर उतरायचे. उतरण्याच्या जागेचा बर्फ आधी फावड्यांनी खणून भुसभुशीत केलेला असतो. पांढऱ्यावर पांढरे उमगत नाही म्हणून त्यावर सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्याही टाकतात. उन्हाळ्यात हाच सराव रॅम्पवरून पाण्यात उड्या मारून होतो. तळातून हवेचे बुडबुडे सोडून ते पाणी मऊ केलेले असते. नवी उडी आधी पाण्यात शेकडो वेळा घोटायची आणि मगच बर्फावर न्यायची, अशी शिस्त आहे.

आता बाणाकडे वळू. रॅम्पचे टोक सुटले त्या क्षणी या खेळाडूच्या बाबतीत दोन गोष्टी कायमच्या ठरून जातात. एक, त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य कोणत्या वक्ररेषेवरून जाणार ते. वाऱ्याचा थोडा फरक सोडला तर ती रेषा बदलणे कोणाच्याही हाती नाही. हवेत पाय रोवायला जागा नसते आणि धरायला फांदी नसते. दोन, शरीरात फिरण्याचे एकंदर भांडवल किती ते. पदार्थविज्ञान त्याला कोनीय संवेग म्हणते. बाहेरून कोणी ढकलल्याशिवाय हे भांडवल वाढत नाही आणि घटतही नाही. रॅम्पवर वेग कमी पडला असेल, खांदे अर्धा क्षण आधी मागे गेले असतील, तर ती चूक आता दुरुस्त होणार नाही. तिचे परिणाम भोगूनच संपवायचे. प्रारब्धाची याहून काटेकोर व्याख्या कोणत्या शास्त्रीबुवांनी केली असेल असे वाटत नाही. पूर्वकर्म झाले, त्याचा हिशेब बंद झाला, फळ सुरू झाले आणि ज्याचे त्याला ते टाळता येत नाही. जो म्हणतो की माणूस सुटलेला बाण आहे, त्याला इथवर पूर्ण मान्यता द्यावी लागते.

पण याच तीन सेकंदांत दुसरेही काही घडते. खेळाडू शरीर आखडतो तेव्हा तो जलद फिरतो आणि ताणतो तेव्हा सावकाश. भांडवल तेच राहते, खर्चाचा वेग बदलतो. एक हात वर आणि दुसरा खाली नेला की शरीर किंचित कलते, आणि कोलांटीतल्याच फिरण्याचा काही भाग गिरकी होऊन बाहेर पडतो. हात उलटे केले की गिरकी थांबते. रॅम्प सोडताना जी गिरकी शरीरात नव्हतीच, ती हवेत निर्माण करता येते आणि हवेतच संपवता येते, एकाही नियमाचा भंग न करता. हे ऐकायला सोपे वाटते, पण एकेकाळी जाणत्या माणसांनाही पटत नव्हते. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ साली, म्हणजे लिलेहॅमरच्या बरोबर शंभर वर्षे आधी, पाठीवर सोडलेल्या मांजराची ओळीने छायाचित्रे घेतली आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. मांजर पायांवर पडते हे सगळ्यांनाच माहीत होते. विद्वानांची समजूत अशी होती की सोडणाऱ्याच्या हाताचा टेकू घेऊन ते आधीच वळत असावे, कारण अधांतरी, कशाचाही आधार नसताना वळणे नियमात बसत नाही. छायाचित्रांत मांजर सुटले तेव्हा अजिबात फिरत नव्हते, आणि तरी खाली येईतो वळले होते. नियम खरा होता. त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा होता. कारण नियम बोलतो तो एकूण बेरजेबद्दल. शरीराच्या भागांनी आपापसांत कसे वळावे याबद्दल तो गप्प असतो.

मला जे म्हणायचे आहे ते एवढ्यावर उभे आहे. बाणाच्या दृष्टान्तात दोष बाणाच्या वेगाचा नाही आणि दिशेचाही नाही. दोष असा की बाण एकसंध, ताठ आणि अचेतन आहे. त्याला आपला आकार बदलता येत नाही. माणसाला येतो. म्हणून पूर्वकर्माने आयुष्यातली बेरीज ठरते हे अगदी शंभर टक्के मान्य केले, तरी त्यावरून आयुष्य ठरते असे निघत नाही. दैव आणि प्रयत्न यांच्या नात्याबद्दल आपल्या परंपरेत दुसरेही एक चित्र आहे. योगवासिष्ठात आधीचा पुरुषार्थ आणि आजचा पुरुषार्थ हे दोन एडके एकमेकांशी टकरा घेतात आणि ज्याचा जोर अधिक तो जिंकतो. प्रयत्नवाद्यांना हे चित्र आवडते, कारण त्यात आजचा एडका कालच्या एडक्याला लोळवू शकतो. मला तेही तितकेसे पटत नाही. हवेत कोणी कोणाला लोळवत नाही. पायांखालून सुटलेल्या वेगाशी झुंजणारा खेळाडू उताराच्या आधीच विस्कटतो. जो तो वेग मुकाट्याने घेतो आणि त्याच्या पोटात आपली गिरकी बसवतो, तोच उभा राहतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरीत या पाचांचा विस्ताराने ऊहापोह आहे. यात दैव नाकारलेले नाही आणि त्याला एकट्याला गादीवरही बसवलेले नाही. ते पंगतीत पाचवे आहे. चेष्टांना तिथे स्वतंत्र पान मांडले आहे हे आपण वाचताना बऱ्याचदा सोडून देतो.

आता एका आयुष्याकडे पाहू. लीना चेर्याझोवाचा जन्म १ नोव्हेंबर १९६८ चा, ताश्कंदचा. लालबहादूर शास्त्रींच्या निधनामुळे आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालेले तेच ताश्कंद. जिम्नॅस्टिक्समधून ती या खेळात आली, आणि ते साहजिकही होते. एरियल्सचे बरेच नामांकित खेळाडू आधी हवेत वळायला शिकलेले असतात, बर्फ त्यांच्या आयुष्यात नंतर येतो. ती सोव्हिएत व्यवस्थेत वाढली. ती व्यवस्था १९९१ साली कोसळली आणि उझबेकिस्तान स्वतंत्र झाले. १९९३ साली ती विश्वविजेती झाली. २४ फेब्रुवारी १९९४ रोजी लिलेहॅमरला स्त्रियांच्या एरियल्सचे ऑलिंपिकमधले पहिलेवहिले सुवर्णपदक तिने मिळवले. स्वीडनची मारी लिंडग्रेन दुसरी आली, नॉर्वेची हिल्डे सिन्नोव्हे लिड तिसरी. स्वतंत्र देश म्हणून उझबेकिस्तानची ती पहिली ऑलिंपिक स्पर्धा होती. २०२२ पर्यंतच्या पुढच्या सात हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्या देशाला दुसरे पदक मिळाले नाही. सुवर्णाच्याच वर्षी, १९९४ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत लेक प्लॅसिडला सराव करताना तिच्या डोक्याला भयंकर मार बसला आणि ती कोमात गेली. त्यातून ती उठली, पुन्हा स्की बांधल्या, १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये उतरली, तेरावी आली आणि थांबली. पुढे ती रशियात नोव्होसिबिर्स्कला राहिली. मार्च २०१९ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ती वारली. दैववाद्याला आणि प्रयत्नवाद्याला सारखाच हक्क सांगता येईल असे हे आयुष्य आहे. म्हणूनच ते तपासायला घेतले.

पहिला आक्षेप असा येईल: तीन सेकंदांत कसला विचार आणि कसली निवड? खेळाडूचे हात आपोआप हलतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने शरीरात बसलेली ती सवय आहे. मग तुम्ही ज्याला स्वातंत्र्य म्हणता तेही पूर्वकर्मच झाले की, फक्त अलीकडचे. आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे, आणि तो खरा असल्यानेच मला उपयोगी पडतो. हवेत विचार करून हात हलवणारा खेळाडू उशीर करून बसेल. कोच खालून एखादाच शब्द ओरडतो, ताण किंवा थांब, आणि तो शब्द ऐकून अमलात आणण्यापुरतीच सवड असते. पण तो शब्द ओरडला जातो आणि ऐकला जातो, हे महत्त्वाचे आहे. नुसती सवय असती तर ओरडण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक उडीत वेग थोडा वेगळा असतो, वारा वेगळा, आणि त्या वेगळेपणाला शरीर दर वेळी निराळे उत्तर देते. सरावाने उत्तर पाठ होत नाही, उत्तर देण्याची क्षमता येते. आपल्या भाषेत बोलायचे तर संस्कार हे बंधनही असतात आणि साधनही. बाणावर संस्कार करता येत नाहीत. शिवाय ही सवय कोणी लावून घेतली? पाण्यात पुन्हा पुन्हा पडून ती लावून घेणारी व्यक्ती तीच होती. स्वातंत्र्याचा शोध नेहमी शेवटच्या क्षणात घ्यायचा, आणि तिथे सापडले नाही की ते कुठेच नाही म्हणायचे, ही नियतिवादाची जुनी खोड आहे. किती उंचावरून निघायचे हे खेळाडू वारा आणि वेग पाहून ठरवतात. कोणती उडी मारणार हे आधी जाहीर करतात. म्हणजे जे अटळ होणार आहे त्याचाही मोठा भाग आधी कधीतरी निवडलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नियम बेरजेबद्दल बोलतो, वाटणीबद्दल नाही, हे ठीक. पण हात वर नेणारा स्नायू, त्याला हुकूम देणारा मेंदू, त्या मेंदूतले रसायन, हेही सगळे नियमांनीच चालते. कोनीय संवेगाने जी जागा मोकळी ठेवली ती दुसऱ्या नियमांनी व्यापली आहे. मग मांजराचा दाखला देऊन काय साधले? याचे प्रामाणिक उत्तर असे की विश्वाच्या तळाशी सारे ठरलेले आहे की नाही, हा प्रश्न मांजराने सुटत नाही आणि माझा तसा दावाही नाही. दावा एवढाच आहे की आपले म्हणवले जाणारे कर्म आणि आपल्यावर नुसते कोसळणारे प्रसंग, यांच्यात खराखुरा भेद आहे. जे शास्त्र हा भेद पुसते ते अपुरे आहे, मग ते अध्यात्माच्या भाषेत बोलो वा मेंदूविज्ञानाच्या. बाण आणि एरियल्सची खेळाडू दोघेही नियमाने जातात. पण बाण कुठे पडेल हे सांगायला तो कसा सुटला एवढे पुरते. खेळाडू कशी पडेल हे सांगायला ती वाटेत काय करते हेही धरावे लागते. जिथे 'ती काय करते' हे पद हिशेबातून वगळता येत नाही, तिथे कर्ता आहे. लोकमान्य टिळकांना गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांसाठी एक अख्खे प्रकरण खर्ची घालावे लागले ते काही उगाच नव्हे. कर्माचा नियम मानायचा आणि तरी उपदेशाला अर्थ उरवायचा, तर कर्त्याला जागा ठेवावीच लागते. ज्याला काहीच करता येत नाही त्याला 'ऊठ, लढ' म्हणण्यात काय हशील?

खेळाच्या नियमांतही हा विचार नकळत उतरला आहे. एरियल्सच्या गुणदानात उड्डाणाला वीस टक्के, हवेतल्या शरीराच्या ठेवणीला पन्नास आणि उतरण्याला तीस टक्के वजन असते. त्या बेरजेला मग उडीच्या काठिण्याने गुणतात. म्हणजे शेवटी काय झाले याला तीस, आणि होता होता तुम्ही कसे होतात याला सत्तर. फलाकांक्षेवरच्या हजार प्रवचनांत न सापडणारा तोल या कोष्टकात आहे. अर्थात पडलेल्याला पदक क्वचितच मिळते, तेव्हा यातून फार मोठे तत्त्वज्ञान पिळून काढू नये.

आता नशिबाकडे. इथे माझ्या मांडणीला खरी कसोटी लागते. ऑस्ट्रेलियाची जॅकी कूपर पाच हिवाळी ऑलिंपिकसाठी पात्र ठरली, १९९९ साली जगज्जेती झाली, विश्वचषक मालिकेत पाचदा सर्वोत्तम ठरली, आणि ऑलिंपिक पदक तिला एकदाही मिळाले नाही. २००२ साली सॉल्ट लेक सिटीला स्पर्धेच्या तोंडावर सराव करताना तिचा गुडघा गेला आणि सुवर्ण तिच्याच देशाच्या अलिसा कॅम्पलिनला मिळाले. चार वर्षांनी तुरिनला पात्रता फेरीत कूपरने विश्वविक्रमी गुण मिळवले आणि अंतिम फेरीत ती आठवी आली. कूपरची कथा दुर्दैवाची आहे, पण त्यात कर्ती शाबूत आहे. ती हरली तेव्हाही उडी तिची होती. लीनाच्या लेक प्लॅसिडच्या अपघाताबद्दल असे म्हणता येत नाही. तिथे घाव अधिष्ठानावरच, म्हणजे देहावर पडला, आणि देहाच्याही अशा भागावर की जिथून हात हलवण्याचा हुकूम सुटतो. कोमातल्या माणसाला 'मिळालेला वेग कसा वापरायचा ते तुझ्या हाती आहे' असे सांगणे क्रूर आहे. माझ्या म्हणण्याची हद्द इथे संपते आणि ती मान्य करायला हवी. आकार बदलण्याची शक्ती ही देहाची शक्ती आहे. ती अमर्याद नाही, आणि देहापलीकडून कोणी ती अखंड पुरवत असल्याचा पुरावा मला दिसत नाही. नागानोतल्या तेराव्या क्रमांकाला इच्छाशक्तीचा विजय वगैरे म्हणण्याचा मोह लेखकांना होतो. ती जगज्जेती होती आणि परत आली तेव्हा तेरावी आली. ते जसे आहे तसे राहू द्यावे.

या ठिकाणी प्रारब्धवादी पुन्हा पुढे येतो. सुवर्ण मिळाले ते पुण्य, अपघात झाला ते पाप, मागच्या कुठल्यातरी जन्मीचे. जे स्पष्टीकरण सोन्यालाही लागू पडते आणि कोमालाही, आणि दोन्ही घडून गेल्यावरच उच्चारले जाते, ते काहीच स्पष्ट करत नाही. हा झाला तर्कदोष. त्याहून वाईट आहे तो त्यातला नैतिक दोष. जखमी माणसाच्या जखमेची जबाबदारी ते त्याच्याच गळ्यात बांधते, तीही अशा गुन्ह्यासाठी की जो त्याला आठवत नाही आणि कोणाला दाखवता येत नाही. महाराष्ट्रात ही चर्चा करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वगळून पुढे जाता येणार नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर नेमके बोट ठेवले: गरीब आणि दलित यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकून टाकता यावी, याखेरीज त्याचा हेतू दुसरा काय असू शकतो? एरियल्सकडे या नजरेने पाहिले की एक साधी गोष्ट डोळ्यांत भरते. ज्या रॅम्पवरून खेळाडूचे प्रारब्ध ठरते तो रॅम्प आकाशातून पडलेला नाही. त्याचा कोन कोणीतरी मोजलेला असतो, बर्फ कोणीतरी रचलेला असतो. उतारावर फावडे मारणारी माणसे असतात. त्यांनी आळस केला तर पडणाऱ्याचा गुडघा मोडतो, आणि तो काही पूर्वजन्मीच्या पापाने मोडत नाही. ऑस्ट्रेलियाने जिम्नॅस्ट मुलींना हेरून बर्फावर नेण्याची पद्धत उभी केली, चीननेही तीच वाट धरली, आणि दोघांना पदके आली. उझबेकिस्तानला लीनानंतर २०२२ पर्यंत दुसरे हिवाळी ऑलिंपिक पदक आले नाही यात उझबेक मुलींच्या नशिबाचा भाग किती आणि मागे न उरलेल्या व्यवस्थेचा किती, याचे उत्तर शोधायला पत्रिका उघडावी लागत नाही. प्रारब्ध म्हणून जे आपल्यापर्यंत येते त्यातले पुष्कळसे इतर माणसांनी बांधलेले असते. म्हणून ते पाडून पुन्हा नीट बांधताही येते.

मग माणूस आपल्या हाती आलेल्या बेरजेचे काय करतो यालाच जर आपण स्वातंत्र्य म्हणणार असू, तर एक गोष्ट ओघाने येते. बेरीज काय आहे हे त्याला माहीत असायला हवे. हवेतल्या खेळाडूला आपण किती उंच आहोत, किती फिरलो आहोत हे कळत असते, म्हणून तो हात हलवू शकतो. पांढऱ्या बर्फावर डहाळ्या टाकतात त्या याचसाठी. लीनाच्या आयुष्यातला एक तपशील मी मुद्दाम इथवर राखून ठेवला. लिलेहॅमरच्या स्पर्धेच्या काही आठवडे आधी तिची आई वारली होती. ही बातमी तिच्यापासून लपवण्यात आली. सुवर्णपदक जिंकल्यानंतर तिला ती कळली.

ज्यांनी लपवले त्यांना दुष्ट म्हणता येणार नाही. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. अशा खेळात क्षणभर लक्ष उडाले तर मान मोडते. सांगून आई परत येणार नव्हती. आणि आईलाही हेच आवडले असते, असे आपल्यासारखे लोक अशा वेळी हमखास म्हणतात. तरीही मला वाटते की ते चुकले. तिच्या आयुष्याचा वेग बदलला होता आणि तो बदलल्याचे तिला एकटीलाच ठाऊक नव्हते. उडी मारायची की घरी परतायचे, ही निवड तिची होती. ती इतरांनी करून टाकली, आणि तिने मात्र आपण आपल्या मर्जीने उभ्या आहोत अशा समजुतीत रॅम्पकडे झेप घेतली. तेवढ्यापुरते तिला बाण करण्यात आले. कोणी म्हणेल, कळले असते तर सुवर्ण गेले असते. गेले असते, कदाचित. कदाचित नसतेही. दुःख घेऊन उत्तम खेळलेली माणसे पुष्कळ आहेत. पण गेले असते असे धरले तरी ते गमावण्याचा अधिकार तिचाच होता. कोणी असेही विचारेल की मग काय, उडीसाठी उभ्या असलेल्या माणसाच्या कानात मृत्यूची बातमी सांगायची? नाही. सांगण्याची वेळ पाहावी लागते, आणि काही तास थांबणे हा शहाणपणा असू शकतो. काही आठवडे थांबणे हा शहाणपणा नव्हे. तेवढ्या काळात अंत्यविधी होऊन जातात, भेटायचे ते भेटून जातात, रडायचे ते रडून घेतात, आणि मग एक माणूस त्या सगळ्यातून कायमचा वगळला जातो.

हे फक्त ताश्कंदच्या एका कुटुंबाबद्दल आहे असे कोणी समजू नये. बारावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत आजोबा गेल्याचे मुलाला न सांगणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत, परदेशी असलेल्या लेकीला वडिलांचे आजारपण अखेरपर्यंत न कळवणारीही आहेत. हेतू प्रेमाचाच असतो आणि भाषा बहुधा दैवाचीच असते: जे व्हायचे ते होऊन गेले, आता सांगून काय उपयोग. अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती की सांगून टाकावे, आणि पेपरला बसायचे की नाही, विमान पकडायचे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे.